विषाणूचा पृष्ठभाग दाखवून देणारी सेवा: सॅम्पल पाठवणाऱ्या बाजूने परीक्षण

सेल कल्चरमध्ये वाढवलेल्या विषाणूंचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली फोटो काढून देणारं एक केंद्र आहे. गेली काही वर्षं आमच्या प्रयोगशाळेची सॅम्पल्स तिथे जातात. त्या सेवेबद्दल सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. केंद्राचं नाव देत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी मांडल्या आहेत त्या एकट्या त्या केंद्राच्या नाहीत, आणि जे कौतुक केलं आहे ते मुख्यतः तिथे मशीनवर बसणाऱ्या एका माणसाचं आहे. मी स्वतः कल्चरच्या बाजूची. पेशी सांभाळायच्या, त्यांच्यात विषाणू वाढवायचा, तो गोळा करून शुद्ध करायचा, हे माझं काम. डेंग्यू जास्त, इन्फ्लुएन्झा अधूनमधून.

निकाल आधीच सांगते: सेवा चांगली आहे, घ्यावी. फोटो स्पष्ट येतात एवढ्यासाठी मात्र नव्हे. स्पष्ट फोटो आता बऱ्याच ठिकाणी मिळतात. इथे आपल्याला एक प्रश्न विचारला जातो: कणाच्या पृष्ठभागावर जे दिसतंय ते त्या विषाणूचं स्वतःचं, की त्याला वाढवताना, धुताना, निष्प्रभ (म्हणजे संसर्ग करू न शकणारा) करताना तुम्ही जे केलंत त्याचा परिणाम? हा प्रश्न विचारणारं केंद्र मला याआधी भेटलं नव्हतं. पृष्ठभागाच्या रचनेवर काम करणाऱ्या कुणालाही हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही.

केंद्र दोन प्रकारचं काम घेतं. पहिलं नेगेटिव्ह स्टेन. तीन मिलिमीटर व्यासाची तांब्याची गोल जाळी, म्हणजे ग्रिड, आणि तिच्यावर कार्बनचा अतिशय पातळ पडदा. ग्लो डिस्चार्ज करून, म्हणजे विजेने भारलेल्या वायूत ठेवून, हा पडदा पाणी धरेल असा करायचा, सॅम्पलचा तीन-चार मायक्रोलिटरचा थेंब ठेवायचा, थोड्या वेळाने फिल्टर पेपरच्या कडेने टिपून घ्यायचा आणि वर युरेनिल अ‍ॅसिटेट द्यायचं. हे जड धातूचं मीठ कणाभोवती साचतं, त्याच्या पृष्ठभागावर उभ्या असलेल्या प्रथिनांच्या काट्यांच्या फटींत शिरतं, आणि गडद पार्श्वभूमीवर कण फिकट उठून दिसतो. १९५९ मध्ये ब्रेनर आणि हॉर्न यांनी ही पद्धत विषाणूंसाठी रुळवली. १९६७ मध्ये जून अल्मेडा आणि डेव्हिड टिरेल यांनी श्वासनलिकेच्या तुकड्यांच्या कल्चरमध्ये वाढवलेल्या सर्दीच्या विषाणूभोवतीची काट्यांची कडी पाहिली तीही याच पद्धतीने. आजही कामाची, झटपट. पण कण कोरडा पडतो, थोडा चपटा होतो, आणि साधारण दोन नॅनोमीटरच्या खालचे बारकावे स्टेनच्या दाण्यातच हरवतात.

दुसरं काम क्रायोचं, म्हणजे सॅम्पल गोठवून बघण्याचं. थेंबाची पातळ फिल्म करून ती द्रव इथेनमध्ये इतक्या वेगाने बुडवायची की पाण्याचे स्फटिक बनायला वेळच मिळू नये. स्टेन नाही, सुकवणं नाही, कण पाण्यात जसा होता तसा काचेसारख्या स्वच्छ बर्फात थांबतो. जाक दुबोशे यांच्या गटाने १९८४ मध्ये या पद्धतीने विषाणू दाखवले, आणि २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना योआखिम फ्रँक व रिचर्ड हेंडरसन यांच्यासह याच कामासाठी मिळालं. क्रायोत कॉन्ट्रास्ट मात्र फार कमी असतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला राखाडीवर राखाडी एवढंच दिसतं.

या केंद्राचं एक वैशिष्ट्य इथेच सांगते. क्रायोसाठी ग्रिड गोठवण्याचं यंत्र त्यांनी बीएसएल-२ (जैवसुरक्षेची दुसरी पातळी) दर्जाच्या छोट्या खोलीत ठेवलं आहे. त्यामुळे डेंग्यूसारखा विषाणू फिक्स न करता, म्हणजे रसायनाने न थिजवता, थेट गोठवता येतो. बऱ्याच ठिकाणी दारातच निष्प्रभ केल्याचं प्रमाणपत्र मागतात. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, पण पृष्ठभागाचा अभ्यास करणाऱ्याला मग फिक्स केलेल्या कणावरच समाधान मानावं लागतं. वरच्या दर्जाच्या विषाणूंसाठी इथेही नियम कडक आहेत आणि ते तसेच असावेत.

आता मुख्य गोष्ट. सेवा पारखून घ्यावी म्हणून मी डेंग्यू-२ च्या, म्हणजे डेंग्यूच्या चार प्रकारांपैकी दुसऱ्याच्या, तीन ट्यूब पाठवल्या. तिन्ही सी६/३६ पेशींमध्ये वाढवलेल्या. या डासाच्या पेशी. एडिस अल्बोपिक्टसच्या अळ्यांपासून के. आर. पी. सिंग यांनी १९६७ मध्ये पेशींचा वंश तयार केला आणि त्यातून इगाराशी यांनी १९७८ मध्ये हा क्लोन वेगळा केला. २८ अंशांवर वाढतात आणि डेंग्यूचं पीक चांगलं देतात. ट्यूब अ नेहमीची, पूर्ण वेळ थंडाव्यात ठेवलेली. ट्यूब ब तीच, पण गोठवण्याआधी तिथेच ३७ अंशांवर ठेवून मग द्यायची. ते त्यांच्या सहायकाकडून करवून घेतलं. ट्यूब क साठी कल्चरच्या मीडियममध्ये अमोनियम क्लोराइड घातलं होतं. मशीनवरच्या सरांना फक्त अ, ब, क एवढंच माहीत होतं. मी शेजारी बसले होते आणि काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

डेंग्यूचा पृष्ठभाग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. इन्फ्लुएन्झा किंवा कोरोनासारखे उभे काटे परिपक्व डेंग्यूवर नसतात. त्याच्या आवरणात ई नावाच्या प्रथिनाच्या १८० प्रती असतात, जोडीजोडीने म्हणजे ९० डायमर, आणि हे डायमर पटलावर उभे न राहता फरशी बसवावी तसे आडवे पसरलेले असतात. म्हणून कण जवळजवळ गुळगुळीत दिसतो, व्यास साधारण ५० नॅनोमीटर. २००२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातल्या गटाने क्रायोने हे २४ अँगस्ट्रॉमपर्यंत (दहा अँगस्ट्रॉम म्हणजे एक नॅनोमीटर) दाखवलं, आणि २०१३ मध्ये दुसऱ्या एका गटाने ३.५ अँगस्ट्रॉमचा नकाशा दिला. अपरिपक्व कण वेगळा. त्याच्यावर प्रीएम नावाचं प्रथिन ई ला धरून असतं, तीन-तीन जोड्या मिळून एक काटा, असे ६० काटे, आणि व्यास साधारण ६० नॅनोमीटर. पेशीतून बाहेर पडताना गॉल्जी या पेशीच्याच घटकाच्या आम्लधर्मी भागात फ्युरिन हे एन्झाइम प्रीएम तोडतं, आणि बाहेरच्या उदासीन पीएचला आल्यावर तुटलेला तुकडा सुटतो. अमोनियम क्लोराइडने तो आम्लधर्म जातो, तोडणं थांबतं, आणि बाहेर पडणारे कण बहुतांश अपरिपक्वच राहतात. म्हणजे ट्यूब क मध्ये काटे दिसायला हवेत, अ मध्ये नकोत, आणि ब मध्ये काय होतं यात मला सगळ्यात जास्त रस होता.

सरांनी क ग्रिड लावला आणि कमी मॅग्निफिकेशनवरच बराच वेळ फिरत राहिले. जाळीचा प्रत्येक चौकोन बघायचा, बर्फ फार जाड असेल तर सोडायचा, फार पातळ असेल तर त्याहून आधी सोडायचा. पातळ बर्फात कण क्रायोच्या ग्रिडवरच्या पडद्यातल्या भोकाच्या कडेला ढकलले जातात आणि मधल्या भागात एकही उरत नाही. मग एका चौकोनावर थांबून त्यांनी मॅग्निफिकेशन वाढवलं. कडा करवतीसारख्या दातेरी, कण मोठे. "हे अपरिपक्व आहेत," ते म्हणाले, "पण सगळे नाहीत. हा बघा, अर्ध्या बाजूने काटे आणि अर्धा गुळगुळीत." खरंच, एकाच कणाची एक बाजू खडबडीत आणि दुसरी सपाट होती. असे अर्धवट परिपक्व कण सेल कल्चरमध्ये नेहमीच तयार होतात, विशेषतः डासाच्या पेशींमध्ये. पण कल्चर करणाऱ्या माणसाला ते डोळ्यांनी बघायला मिळणं दुर्मीळ. आमच्या हातात असतो प्लाक चाचणीचा आकडा, आणि तो फक्त संसर्ग करू शकणारे कण मोजतो. बाकीचे किती आणि कसे, ते त्यात कुठेच येत नाही.

अ मध्ये अपेक्षेप्रमाणे गुळगुळीत गोल कण, मध्येच एखादा दातेरी. इथे सरांनी मला एक गोष्ट दाखवली ती फार मोलाची वाटली. गुळगुळीत गोलांच्या गर्दीत काही गोल विषाणूच नव्हते. पेशी स्वतःच लहान पिशव्या बाहेर टाकत असतात, त्यांचाही आकार विषाणूच्या आसपास असतो, आणि पृष्ठभागावर काही ठळक नसलेला डेंग्यू तर त्यांच्यात सहज मिसळून जातो. "आकार मोजा," ते म्हणाले. "डेंग्यू सगळा एका मापाचा. पिशव्या लहानमोठ्या, आणि त्यांच्या पटलाची दुहेरी रेघ उघडी दिसते, आत काही भरलेलं नसतं." त्यानंतर त्यांनी स्क्रीनवर पाच-सहा गोल निवडून मलाच ओळखायला लावले. परीक्षणात याला गुण द्यायचे तर सर्वाधिक द्यावे लागतील, कारण सेवा देणाऱ्याने वेळ काढून ग्राहकाची नजर तयार करणं हे कुठल्याही दरपत्रकात नसतं.

मग ब. सर काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मॅडम, हे सॅम्पल गरम झालंय का? कण जरा मोठे आहेत, आणि कड स्वच्छ नाही. अपरिपक्वही नाहीत, काटे असे नसतात." त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. २०१३ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी हेच दाखवलं होतं: डेंग्यू-२ च्या काही प्रकारांत २८ अंशांना गुळगुळीत असलेला कण ३४-३५ अंशांच्या वर गेला की फुगतो, ई चे डायमर सैल होऊन जागा सोडतात, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि खालच्या पटलाचे काही भाग उघडे पडतात. नंतर तापमान उतरवलं तरी तो पूर्वपदावर येत नाही. डेंग्यूच्या सगळ्या प्रकारांत असं होत नाही, डेंग्यू-४ मध्ये ते दिसलं नाही, आणि डेंग्यूच्याच कुळातल्या झिकाचा कण या बाबतीत बराच टिकाऊ निघाला. पण डासाच्या शरीरातला कण आणि माणसाच्या अंगातला कण बाहेरून एकसारखा नसू शकतो, हे त्यावरून पहिल्यांदा स्पष्ट झालं.

मला हे इतकं का लागतं तेही सांगते. आमच्या गटात अँटिबॉडी कणाला कुठे चिकटते याच्या चाचण्या चालतात. काही अँटिबॉडी गुळगुळीत कणाला चिकटूच शकत नाहीत, कारण त्यांची जागा ई च्या जोडीखाली झाकलेली असते. तोच कण खडबडीत झाला की जागा उघडी पडते आणि चाचणी सकारात्मक येते. अपरिपक्व कणांवर तर प्रीएमविरुद्धच्या अँटिबॉडीही बसतात, आणि डेंग्यूत याच अँटिबॉडींचा आजार वाढवण्याशी संबंध जोडला जातो. म्हणजे फ्रीजमधून काढलेली ट्यूब टेबलावर किती वेळ राहिली, यावर लसीसंबंधीच्या एखाद्या आकड्याचा अर्थ बदलू शकतो. प्रयोगाच्या वहीत आम्ही अँटिबॉडीचा डोस तीन दशांशांपर्यंत लिहितो आणि विषाणूच्या रकान्यात फक्त "डेंग्यू-२" लिहितो. माझ्या दृष्टीने हे चुकीचं आहे आणि ते बदलायलाच हवं.

इन्फ्लुएन्झाचं सॅम्पल मी वेगळ्या वेळी दिलं होतं, फक्त नेगेटिव्ह स्टेनसाठी. एमडीसीके पेशींमध्ये वाढवलेलं. या कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशी, मॅडिन आणि डार्बी यांनी १९५८ मध्ये वेगळ्या केलेल्या. इथे पृष्ठभाग अगदी उलट. काटेच काटे. हिमॅग्लुटिनिन या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचे त्रिक (तीन प्रतींचे गट) सुमारे १४ नॅनोमीटर लांब दांड्यांसारखे, एकमेकांना अगदी लागून. दुसरं प्रथिन न्यूरामिनिडेज देठावर डोकं असलेलं, संख्येने कमी, आणि बऱ्याचदा झुपक्यांत. क्रायो टोमोग्राफीने (अनेक कोनांतून फोटो घेऊन त्रिमितीय चित्र बनवण्याच्या पद्धतीने) मोजलेल्या साधारण १२० नॅनोमीटरच्या कणावर दोन्ही मिळून तीनशे ते चारशे काटे भरतात. स्टेनमध्ये इतके मोजता येत नाहीत, पण कडेने दिसणारी ओळ पुरेशी बोलकी असते.

इथेही कल्चरचा हात दिसतो. कोंबडीच्या अंड्यात वर्षानुवर्षं वाढवलेले प्रकार बहुतेक गोल कण देतात. रुग्णाकडून घेऊन थोडेच पॅसेज केलेले, म्हणजे एका कल्चरमधून दुसऱ्यात थोड्याच वेळा वाढवलेले, प्रकार लांब तंतूंसारखेही निघतात, काही तर मायक्रोमीटरच्या घरातले. कणाचा आकार ठरवण्यात एम१ या आतल्या प्रथिनाचा मोठा वाटा असतो, आणि पॅसेज वाढत जातात तसा निवडीचा दाब त्याच्यावर पडतो. माझ्या सॅम्पलमध्ये दोन्ही होते. अहवालात फक्त "गोलाकार ते अनियमित कण" असं आलं. तंतू फोटोत दिसत होते, शब्दांत नव्हते.

तर इथून तक्रारी सुरू करते, कारण त्या कमी नाहीत.

पहिली आणि मोठी: सॅम्पल देताना भरायचा फॉर्म. त्यात विषाणूचं नाव, अंदाजे प्रमाण, निष्प्रभ केला आहे का, एवढंच विचारलं आहे. पेशी कुठल्या, किती अंशांवर वाढवला, पॅसेज किती, गोळा केव्हा केला, सीरम किती होतं, बफर कोणता, शुद्ध कसा केला, यातलं काहीही नाही. सर हे सगळं तोंडी विचारतात म्हणून काम चालतं. ते रजेवर असताना दुसऱ्या एका ऑपरेटरने माझं सॅम्पल पाहिलं तेव्हा एकही प्रश्न आला नाही, फोटो आले आणि विषय संपला. एवढा अनुभव असलेल्या केंद्राने तो अनुभव एका माणसाच्या डोक्यात ठेवू नये. फॉर्ममध्ये सात-आठ रकाने वाढवणं अवघड नाही.

दुसरी: अहवाल. फोटो सुंदर, पण दिले जातात ते निवडलेले. प्रत्येकावर स्केल बार असतो हे बरं, पण पिक्सेलचं माप, डीफोकस, इलेक्ट्रॉनचा डोस, यांतलं काहीच नसतं. मूळ फाइल्स वेगळा अर्ज केल्यावर मिळतात. आणि आकडे? परिपक्व किती, अर्धवट किती, अपरिपक्व किती, पिशव्या किती, हे मोजून देण्याची सोयच नाही. पृष्ठभागाच्या रचनेवर निष्कर्ष काढायचा तर चार देखण्या कणांनी भागत नाही. २०२० मध्ये सार्स-कोव्ह-२ च्या, म्हणजे कोविडच्या विषाणूच्या, कणांवर जे काम झालं त्याची ताकदच मोजण्यात होती. व्हेरो ई६ या माकडाच्या पेशींमध्ये वाढवून फॉर्माल्डिहाइडने फिक्स केलेल्या कणांवर सरासरी २४ काटे आढळले, कणाकणांत फरक मोठा, आणि त्यातले सुमारे ३ टक्केच संमीलनानंतरच्या (विषाणू पेशीच्या पटलात मिसळल्यावर काटा घेतो त्या) लांबट रूपात. तोवर चित्रांत काट्यांनी गच्च भरलेला गोळा बघायची सवय झालेल्यांना हा आकडा कमी वाटला, पण तो मोजलेला होता. काटे देठाशी तीन जागी वाकतात हेही असंच शेकडो कण पाहून कळलं.

त्याच विषाणूबद्दल एक मुद्दा इथे जोडते, कारण सेवा घेणाऱ्यांना तो उपयोगी पडेल. व्हेरो ई६ मध्ये सार्स-कोव्ह-२ चे पॅसेज वाढवत नेले की काट्यावरची फ्युरिनने तुटायची जागा गमावलेले प्रकार वरचढ होतात. फुफ्फुसाच्या काल्यू-३ पेशींमध्ये तसं होत नाही. आणि बीटा-प्रोपियोलॅक्टोनने निष्प्रभ केलेल्या कणांच्या एका अभ्यासात बहुतेक काटे संमीलनानंतरच्या रूपात दिसले होते. म्हणजे पेशी निवडली तिथे एकदा आणि निष्प्रभ करण्याचं रसायन निवडलं तिथे दुसऱ्यांदा, पृष्ठभाग आपणच ठरवलेला असतो. केंद्राच्या माहितीपत्रकात निष्प्रभ करण्याचे तीन पर्याय एका ओळीत, जणू ते सारखेच आहेत असे दिले आहेत. ते सारखे नाहीत. ग्लुटारल्डिहाइड आणि फॉर्माल्डिहाइड प्रथिनं एकमेकांना बांधतात, त्यामुळे आकार थिजतो. दुसरी रसायनं मुख्यतः जनुकीय द्रव्यावर मारा करतात, तरी काट्यांना धक्का लागू शकतो. हे चार वाक्यांत लिहून द्यायला हवं होतं.

तिसरी तक्रार रांगेची. नेगेटिव्ह स्टेन लवकर होतं, तिथे काही म्हणणं नाही. क्रायोला मोठ्या प्रकल्पांना आधी वेळ मिळतो, आणि आमच्यासारख्यांचं सॅम्पल तोवर थांबतं. विषाणूचं सॅम्पल थांबवून ठेवण्याची वस्तू नाही. शुद्ध केलेले कण फ्रीजमध्येही दिवसागणिक तुटत जातात, काटे गळतात, आणि फ्रीझरमध्ये घालून पुन्हा वितळवलं तर पटल फाटलेले कण वाढतात. यावर त्यांनी नंतर एक मार्ग काढला तो चांगला आहे: सॅम्पल पोचलं की त्याच दिवशी ग्रिड गोठवून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात, आणि मशीनचा नंबर लागेल तेव्हा बघतात. गोठवलेला ग्रिड बराच काळ टिकतो. ही सोय आहे हे मात्र विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. मागून घ्या.

ज्यांना सॅम्पल पाठवायचं आहे त्यांना माझ्या बाजूने काही गोष्टी. फॉस्फेट बफरमध्ये पाठवू नका, निदान युरेनिल अ‍ॅसिटेट वापरणार असतील तर नकोच. दोन्ही भेटले की साका पडतो आणि ग्रिडवर काळे दाणे दिसतात. ट्रिस किंवा हेपिस चालतं. साखरेच्या ग्रेडियंटमधून काढलेलं असेल तर सुक्रोज पूर्ण घालवा, नाहीतर क्रायोत कॉन्ट्रास्ट उरत नाही आणि स्टेनमध्ये कणांच्या कडा पुसट होतात. सीरम जितकं कमी तितकं बरं, अल्ब्युमिनचा थर पार्श्वभूमी गढूळ करतो. जोराच्या सेंट्रीफ्यूजने तळाला दाबून बसवलेली पेलेट, म्हणजे कणांची गोळी, पुन्हा ढवळून पाठवली की काटे मोडलेले दिसतात. शक्य असेल तर गादीवर, म्हणजे दाट द्रावणाच्या थरावर थांबवा. स्टेनसाठी मिलिलिटरला दहा लाखांच्या खाली कण असतील तर शोधण्यातच वेळ जातो, आणि क्रायोला त्याच्या कितीतरी पट लागतात. तिथले सर प्लाकचा आकडा ऐकून समाधान मानत नाहीत, एकूण कण किती असं विचारतात, तेव्हा तेवढी तयारी ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सॅम्पलबरोबर स्वतःचा कागद द्या. फॉर्म विचारत नसला तरी पेशी, तापमान, पॅसेज, गोळा करण्याची वेळ, बफर, वाटेतलं तापमान, सगळं लिहा. मी आता हा कागद छापूनच ठेवला आहे आणि प्रत्येक ट्यूबसोबत जातो. गेल्या खेपेला दुसरा ऑपरेटर होता, तरी अहवालात पहिल्यांदाच "२८ अंशांवर वाढवलेल्या, न तापवलेल्या कणांमध्ये" अशी सुरुवात होती, आणि खाली गुळगुळीत व दातेरी कणांची वेगळी मोजणी जोडली होती. ती मोजणी एकाच ग्रिडवरची होती, त्यामुळे पुढच्या वेळी निदान तीन ग्रिडवर मोजा असं मी त्यांना लिहून कळवलं आहे. तसं झालं तर अहवालाबद्दलची माझी तक्रार अर्धी कमी होईल. रांगेबद्दलची राहील.